चाळिशीनंतरची लांबची वाट

१९५५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एका डोंगरावरून ६७ वर्षांची एक बाई एकटीच चालायला लागली. पायात कॅनव्हासचे साधे बूट होते, खांद्यावर घरीच शिवलेली जाड कापडाची पिशवी होती. तिला अकरा मुले आणि तेवीस नातवंडे. घरी तिने एवढेच सांगितले होते की मी जरा फिरायला जाते. हे फिरणे संपले १४६ दिवसांनी, २५ सप्टेंबरला, सुमारे ३,३०० किलोमीटर दूर मेन राज्यातील कटाडिन पर्वताच्या माथ्यावर. या बाईंचे नाव एमा गेटवुड. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही १४ राज्यांतून जाणारी डोंगरवाट एकाच हंगामात एकटीने पूर्ण चालणारी ती पहिली स्त्री. अमेरिकेतील वर्तमानपत्रे तिला पुढे 'गेटवुड आजी' म्हणू लागली.

या आजी कोणी खेळाडू नव्हत्या, श्रीमंतही नव्हत्या. १८८७ साली ओहायो राज्यातील एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण आठवीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ शेतावरचे काम, बाळंतपणे आणि नवऱ्याची मारहाण. मार असह्य झाला की त्या घरामागच्या रानात निघून जात आणि शांत झाल्यावर परत येत. १९४०-४१ च्या सुमारास त्यांनी घटस्फोट घेतला. मुले मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली. तोपर्यंत साठी जवळ आली होती.

एका मासिकात त्यांनी या डोंगरवाटेवरचा लेख वाचला आणि आपणही चालावे असे मनाने घेतले. १९५४ साली त्या मेन राज्यातून निघाल्या. काही दिवसांतच वाट चुकल्या, चष्मा फुटला, जवळचे खाणे संपले. जंगल खात्याच्या माणसांनी त्यांना शोधून काढले आणि घरी जायला सांगितले.

त्या घरी गेल्या खऱ्या, पण पुढचे चार महिने त्यांनी जे केले ते या लेखासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. १९५५ च्या जानेवारीत त्या मुलाकडे डेटन शहरात राहत होत्या. तिथे त्यांनी घराभोवतीच्या रस्त्यांवर फेऱ्या मारायला सुरुवात केली. आधी एक फेरी, मग दोन, मग त्याहून लांब. पायात भरून येईपर्यंत चालायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे. एप्रिलपर्यंत त्या दिवसाला दहा मैल, म्हणजे १६ किलोमीटर चालत होत्या. घरात कोणाला याचा पत्ताही नव्हता.

मे महिन्यात डोंगरावर पाय ठेवला तेव्हा बाई तीच होती, वय एका वर्षाने वाढलेच होते. पण आता पाय तयार होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन मोठी वादळे आली आणि ओढ्यांना पूर आला, तरी त्या थांबल्या नाहीत. पुढे १९५७ मध्ये त्यांनी तीच वाट पुन्हा पूर्ण केली. १९५९ मध्ये मिसूरीपासून ओरेगॉनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर चालल्या. १९६४ मध्ये डोंगरवाट तिसऱ्यांदा पूर्ण केली. १९७३ साली वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच काळातल्या मिल्ड्रेड नॉर्मन यांनी १९५३ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, शांततेचा संदेश घेऊन एकटीने पायी फिरणे सुरू केले आणि पुढची २८ वर्षे त्या चालतच राहिल्या. त्या 'पीस पिलग्रिम' या नावाने ओळखल्या जातात. त्यांचीही तयारी झाली होती. आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, एका सोबत्याबरोबर त्यांनी अ‍ॅपलाचियन ट्रेल चालून काढली होती.

ही उदाहरणे देण्याचे कारण ३,३०० किलोमीटरचा आकडा नाही. आपल्याकडे चाळिशी ओलांडली की माणूस स्वतःच म्हणतो, आता काय राहिले! चाळिशी-पन्नाशीत नव्याने लांब चालायला लागणे शक्य आहे का, असे विचाराल तर उत्तर होय असेच आहे. वय फारसे आडवे येत नाही. तयारी न करता निघणे आडवे येते.

दिवसभर उभेच असतो की!

चालण्याचा विषय काढला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न हाच येतो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, सफाई कामगार, बांधकामावरची मजूर, बारा तास गेटवर उभा असलेला वॉचमन. यांना आणखी चाला म्हणून सांगायचे म्हणजे चेष्टाच वाटते.

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कामाची मेहनत आणि व्यायाम या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कमधील संशोधकांनी याचा बराच अभ्यास केला आहे. मोकळ्या वेळेत केलेल्या हालचालीचा हृदयाला जसा फायदा होतो, तसा कामावरच्या जड मेहनतीचा होताना दिसत नाही. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. कामात माणूस तासन्‌तास एकाच ठिकाणी उभा किंवा वाकलेला असतो, तेच ओझे त्याच बाजूने उचलतो. हृदयाची गती सलग अर्धा तास वाढून मग पूर्ण खाली यावी, असे घडत नाही. दमल्यावर थांबायचे की नाही हे मुकादम ठरवतो किंवा घड्याळ ठरवते. विश्रांती पुरी होण्याआधी दुसरा दिवस उजाडतो.

स्वतःसाठी चालताना वेग आपला असतो आणि थांबणेही आपले असते. हात मोकळे असतात, पाठ सरळ असते, श्वास खोल जातो. म्हणून दिवसभर राबणाऱ्यालाही या चालण्याचा उपयोग आहे. मात्र एक पथ्य पाळावे. ज्यांचे काम अंगमेहनतीचे आहे त्यांनी कामाच्या दिवशी थोडेच, पंधरा-वीस मिनिटे चालावे आणि लांबचे चालणे सुटीच्या दिवशी ठेवावे. झोप तोडून चालू नये. दमलेल्या शरीरावर आणखी भार टाकला तर फायद्यापेक्षा दुखणेच वाढते.

दुसरी अडचण वेळेची आहे आणि ती मुख्यतः बायकांची आहे. रविवारी सकाळी घरातील बाईला तीन तास हवे असतील तर चहा, पाणी भरणे आणि भाजी कोण करणार? हा आरोग्याचाच प्रश्न आहे आणि तो घरात बसून सोडवायला हवा. नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी आठवड्यातली एक सकाळ सांभाळली तर पुरे.

चाळिशीनंतर शरीरात काय होते?

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातात. वापर नसेल तर ही गळती लवकर होते. पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान बायकांची पाळी जाते आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. पोटाचा घेर वाढतो, साखर आणि बीपी याच वयात गाठतात.

या सगळ्यावर पायी चालणे हे औषध नाही, पण उपयोग मोठा आहे. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात. पायांवर वजन पडत असल्याने हाडांना बळकट राहण्याचा इशारा मिळतो. नियमित चालण्याने बीपी काही अंकांनी उतरते आणि झोप सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालले की दीडशे मिनिटे होतात. त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे.

गुडघ्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. गुडघे झिजतील म्हणून लोक चालणेच सोडतात. गुडघ्याच्या सांध्यात जी मऊ गादी असते तिला रक्तपुरवठा नसतो. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की सुटते. या दाबण्या-सुटण्यातूनच सांध्यातले द्रव तिच्यात शिरते आणि तिला पोषण मिळते. बेताने चालण्याने निरोगी गुडघा झिजत नाही. गुडघ्याला त्रास होतो तो वाढलेल्या वजनाने, कमकुवत मांड्यांनी आणि तयारी नसताना एकदम डोंगर उतरल्याने. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार उतरताना पडतो.

निघण्यापूर्वी या तपासण्या करा

सरकारी दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चार गोष्टी तपासून घ्या. आशाताईंना विचारलेत तर कोणत्या दिवशी कुठे जायचे ते त्या सांगतील.

रक्तदाब : नियंत्रणात नसेल तर आधी औषध सुरू करा, चालणे नंतर वाढवा. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांच्या अंगातले पाणी उन्हात लवकर कमी होते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच लांब जावे.

साखर : इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणे, थंड घाम, डोके गरगरणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच बसावे आणि तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी. खिशात साखरेची पुडी असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नये.

हिमोग्लोबिन : बाईचे १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. थोड्या चढालाच दम लागतो, छाती धडधडते, तेव्हा बरेचदा कारण वय नसते. रक्त कमी असते. आधी ते भरून काढा.

सिकलसेल : विदर्भातील आपल्या अनेक घरांत हा आजार आहे, म्हणून ही तपासणी आवर्जून करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे (एसएस) त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लांबचे चालणे किंवा चढण सुरू करू नये. पाणी कमी पडले, फार थंडी वाजली किंवा अति दमले की वेदना उठतात. जो फक्त वाहक आहे (एएस) तो चालू शकतो. त्याने मात्र अंतर हळूहळू वाढवावे, भरपूर पाणी प्यावे, उन्हात जोर लावू नये आणि स्नायू फार दुखू लागले किंवा गळून गेल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे.

चालताना छातीवर दाब येणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे, बसल्यावरही दम न ओसरणे ही लक्षणे अपचनाची समजून घालवू नका. थांबा आणि १०८ ला फोन करा.

सोळा आठवड्यांची तयारी

गेटवुड आजींनी चार महिने घेतले. आपणही तेवढेच घेऊ. सोळा आठवड्यांच्या शेवटी सुटीच्या एका दिवशी पाच तास, सुमारे पंधरा किलोमीटर चालता यावे एवढेच ध्येय ठेवू. हे वेळापत्रक बैठ्या किंवा हलक्या कामाच्या माणसासाठी आहे. अंगमेहनत करणाऱ्यांनी कामाच्या दिवसांचे चालणे निम्मे करावे आणि रविवारचे तसेच ठेवावे.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून पाच दिवस, सपाट रस्त्यावर २० मिनिटे. चौथ्या आठवड्यापर्यंत ३० मिनिटे. वेग इतका असावा की सोबतच्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

पाच ते आठ : चार दिवस ४० मिनिटे. रविवारी एक तास, मग वाढवत दीड तास. आठवड्यातून दोनदा जिने चढ-उतार, पाच ते दहा मिनिटे. वस्तीच्या जागी इमारती झालेल्या असतील तर जिना घरातच आहे. उतरताना कठड्याला हात असू द्या.

नऊ ते बारा : इतर दिवस तसेच. रविवारी दोन ते तीन तास, शक्य असेल तर टेकडीच्या वाटेने. पाठीवर दोन-तीन किलोची पिशवी घ्या. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या म्हणजे दोन किलो झालेच.

तेरा ते सोळा : रविवारी साडेतीन तासांपासून पाच तासांपर्यंत. पंधराव्या आठवड्यात जमल्यास लागोपाठ दोन दिवस चाला, म्हणजे दमलेल्या पायांनी पुन्हा निघण्याची सवय होईल. सोळाव्या आठवड्यात सुरुवातीचे दिवस हलके ठेवा आणि शेवटी ठरलेले अंतर पूर्ण करा.

याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस घरीच दोन व्यायाम करा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात टेकून पंधरा वेळा टाचा उचलणे. दोन्हींच्या दोन-दोन फेऱ्या. मांड्या बळकट झाल्या की गुडघा आपोआप सांभाळला जातो.

दोन्ही मांड्या, पोटऱ्या भरून आल्या आणि दोन-तीन दिवसांत उतरल्या तर काळजी नको. ते स्नायू तयार होण्याचे दुखणे आहे. पण एकाच सांध्यात कळ येत असेल, सूज असेल, रात्री ठणकत असेल तर थांबा आणि दाखवा. एखादा आठवडा पाळीमुळे, आजारपणामुळे किंवा डबल ड्युटीमुळे बुडाला तर पुढच्या आठवड्यावर उडी न मारता बुडालेला आठवडाच पुन्हा करा.

पाय आणि बूट

लांबच्या चालण्यात माणूस दमून थांबतो त्यापेक्षा पायाला फोड येऊन अधिक वेळा थांबतो. बूट महागडे नसले तरी चालतात. गेटवुड आजींनी कॅनव्हासच्या बुटांवरच वाट काढली, त्यांचे असे अनेक जोड झिजले. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसाअखेर पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखे आदळून काळी पडतात. नवे बूट घालून लांबच्या वाटेला निघू नये. आधी दोन आठवडे ते गल्लीत वापरावेत. चपलेवर डोंगर चढू नये.

कुठे चुरचुरू लागले की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. अजून थोडे जाऊ म्हणालात की फोड आलाच समजा. ओले मोजे बदला. नखे सरळ कापा. आलेल्या फोडाचे कातडे सोलू नका. साखर असणाऱ्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम कळत नाही. त्यांनी अनवाणी मुळीच चालू नये आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

पिशवीत काय घ्यावे?

गेटवुड आजींच्या पिशवीत तंबू नव्हता. एक पांघरूण, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, कप, औषधपट्टी आणि थोडे खाणे. मनुका, सुकामेवा, दुधाची भुकटी. आपल्याकडे याहून चांगले खाणे घरातच आहे. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, खजूर, उकडलेली अंडी, भाकरी-चटणी. साखरवाल्यांनी गूळ-खजूर टाळून फुटाणे, शेंगदाणे आणि भाकरी घ्यावी. साखरेची पुडी त्यांनी फक्त ती खाली आली तर वापरावी.

पाणी उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर लागते. घोट-घोट प्यावे. फार घाम येत असेल तर ओआरएसची पुडी बरी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. प्रमाण चुकवू नये. बाकी टोपी किंवा ओढणी, टॉर्च, शिट्टी, चिकटपट्टी, नेहमीच्या गोळ्या आणि एक काठी. उतरताना काठीवर थोडा भार गेला की गुडघ्यावरचा तेवढा कमी होतो. सगळे मिळून ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक नसावे.

एकट्याने चालताना

एकट्याने चालण्यात एक सुख आहे. कोणाच्या वेगाशी बरोबरी करावी लागत नाही, बोलावे लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसांत राहणाऱ्याला हे पाच तासांचे एकटेपण म्हणजे मोठी गोष्ट आहे. पण गेटवुड आजींची एक गोष्ट आपण करू नये. कुठे जातो हे घरी न सांगता त्या गेल्या. पहिल्या वर्षी वाट चुकल्या तेव्हा नशिबाने सापडल्या.

घरच्या एका माणसाकडे कागदावर लिहून द्या : कुठून निघणार, कोणत्या वाटेने, किती वाजता परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा. सुरुवातीच्या रविवारी जोडीने जा, वाट पाठ झाली की मग एकटे. वाट अनोळखी असेल तर गावातल्या माणसाला विचारा. वाट चुकली असे वाटले तर पुढे रेटू नका. ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. तेही जमत नसेल तर एका जागी बसा, शिट्टी वाजवा, ११२ ला फोन करा.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नवख्याने आणि आपल्याकडच्या उन्हात त्याची दीडपट धरावी. दहा किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ म्हणजे नियमाने तीन तास, आपल्यासाठी साडेचार. अंधाराच्या दोन तास आधी खाली पोहोचायचे, असे धरून परत फिरण्याची वेळ घरीच ठरवा. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी वळा.

सापाने चावले तर आवळून बांधू नका, कापू नका, रक्त चोखू नका. त्या पायातली जोडवी, पैंजण काढा, पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. डोंगरकपारीत आग्या मोहोळ असेल तर धूर, आरडाओरड आणि अत्तर टाळा.

कुठे चालावे?

सुरुवात वस्तीजवळच्या मैदानात, शाळेच्या पटांगणात किंवा कालव्याच्या रस्त्याने होते. पुढच्या टप्प्यासाठी लेण्यांच्या वाटा चांगल्या आहेत. आपली बरीच लेणी सह्याद्रीतून जाणाऱ्या जुन्या व्यापारी रस्त्यांच्या आसपास खोदलेली आहेत. माल घेऊन चालणारी माणसे आणि भिक्खू याच डोंगरांतून पायी जात. नाशिकची त्रिरश्मी लेणी आणि औरंगाबादची बुद्धलेणी शहराला लागूनच आहेत, चढ बेताचा आहे, रविवारी माणसांची वर्दळ असते. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता आहे. उद्यानात बिबटे आहेत, म्हणून ठरलेल्या वेळेतच जावे, रस्ता सोडू नये. तयारी पूर्ण झाली की जुन्नर घ्यावे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी असे लेण्यांचे गट एकाच गावाभोवती आहेत. एकेका रविवारी एकेक गट पायी करता येतो. विदर्भात मात्र वाघाच्या जंगलात एकट्याने पायी शिरू नये. तिथे गावरस्तेच बरे.

सह्याद्रीत चालायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात दगड शेवाळतात आणि ओढे अचानक भरतात, उन्हाळ्यात सकाळी दहा-अकरानंतर उघड्यावर राहू नये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात छत्री घेऊन गल्लीतली वीस मिनिटे सुरू केली, तर सोळा आठवडे ऑक्टोबरच्या अखेरीस पूर्ण होतात. तेव्हा पाऊस सरलेला असतो, गवत अजून हिरवे असते. या आठवड्यात बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या, आणि रविवारची सकाळ कोण सांभाळणार ते घरात ठरवा.